खाष्ट सासू आणि मिसेस डिसा

एखाद्या माणसाचे विशेषनाम बोलीभाषेत सामान्यनाम होऊन बसावे, ही लोकप्रियतेची परमावधी मानली जाते. दानशूर माणसाला आपण कर्ण म्हणतो, इकडचे तिकडे करणाऱ्याला नारद म्हणतो. मराठी घरांतून असेच एक नाव गेल्या अर्ध्या शतकाहून अधिक काळ वापरात आहे. सुनेला उठता बसता टोचून बोलणारी, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून घरावर अंमल गाजवणारी सासू दिसली की शेजारीपाजारी हळूच म्हणतात, "अगदी ललिता पवार आहे हो!" कर्णाच्या आणि नारदाच्या बाबतीत आपण पुराणातल्या पात्राचे नाव घेतो. येथे मात्र पात्रांची नावे विसरली गेली आणि ती वठवणाऱ्या एका हाडामांसाच्या स्त्रीचे नाव दुष्टपणाला चिकटले. अभिनेत्रीचा हा गौरव म्हणावा की तिच्यावरचा अन्याय?

या प्रश्नाचे बीज माझ्या मनात फार पूर्वी पडले. आमच्या घरी दूरदर्शन संच आला, त्यानंतर रविवारी संध्याकाळी रोझरीची प्रार्थना लवकर आटोपून सारे घर हिंदी चित्रपटासमोर बसे. पडद्यावर ललिताबाई अवतरल्या की माझी आजी "आली ही अवदसा" असे पुटपुटल्याशिवाय राहत नसे. एका रविवारी 'अनाडी' लागला. त्यातली घरमालकीण मिसेस डिसा मरण पावली तेव्हा आजीने डोळ्यांना पदर लावला. चित्रपट संपल्यावर तिने आम्हांला विचारले, "ही तीच का रे?" आम्ही मुले हसलो. आज वाटते, आजीने समीक्षेचा मूलभूत प्रश्न विचारला होता. जिचा आपण तिरस्कार केला तीच ही असेल, तर आपण तिरस्कार नेमका कशाचा केला होता? ललिताबाईंच्या कारकिर्दीचा विचार या प्रश्नाला धरून करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे जन्मलेली ही मुलगी मूळची अंबा सगुण. चित्रपट मुके होते त्या काळात, १९२८ साली, तिने बालकलाकार म्हणून पडद्यावर पाऊल ठेवले. पुढच्या काही वर्षांत ती नायिका झाली, तीही साहसपटांची. १९३१ सालच्या 'दिलेर जिगर' या मूकपटाची प्रत सुदैवाने टिकून राहिली आहे. त्या काळातले कितीतरी मूकपट कायमचे नष्ट झाले. या एका चित्रपटामुळे तरुण ललिताबाईंची चपळाई आणि त्यांचा मोकळा, हसरा चेहरा आपल्याला अजूनही पाहता येतो. १९३२ साली 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. सोळा वर्षांची मुलगी निर्मितीत भाग घेते, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती. बोलपट आला तशा त्या बोलू लागल्या, आणि गाऊही लागल्या. थोडक्यात, पुढे जिच्या नावाने घराघरांत बोटे मोडली गेली, ती आधी चौदा वर्षे प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय होती.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात त्यांना थोबाडीत मारायची होती. सहकलाकार भगवान यांचा हात अनवधानाने फार जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. दीर्घ उपचारांनंतर चेहरा बराचसा सावरला, परंतु डावा डोळा कायमचा बारीक झाला. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. नायिकेचे दिवस त्या एका फटक्याने संपले.

यानंतर चित्रपटसृष्टीने जे केले त्याकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे. डोळा अधू झाला, म्हणून त्या नायिका राहिल्या नाहीत, इतके व्यवहार म्हणून समजण्यासारखे आहे. परंतु डोळा अधू झाला, म्हणून त्या दुष्ट कशा ठरल्या? बारीक झालेल्या डोळ्यात कपट दिसते, वाकड्या नजरेत वाकडे मन दिसते, असे निर्मात्यांनी गृहीत धरले आणि प्रेक्षकांनीही ते निमूटपणे मान्य केले. शरीराचे व्यंग म्हणजे मनाच्या पापाची खूण, ही समजूत फार जुनी आहे. संत योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, की पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आपण हा पाठ मिस्साबलीत ऐकतो आणि घरी येऊन पडद्यावरच्या बारीक डोळ्याला शिव्या देतो. आजीचे पुटपुटणे निष्पाप होते, पण त्यामागची समजूत निष्पाप नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

ललिताबाईंचे मोठेपण असे, की लादलेल्या या चौकटीत राहूनच त्यांनी तिच्या भिंती पुष्कळ मागे सारल्या. १९४४ साली 'प्रभात'च्या 'रामशास्त्री' या चित्रपटात त्यांनी आनंदीबाई साकारली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी आणि 'ध'चा 'मा' करण्याशी मराठी मनाने जिचे नाव कायमचे जोडून ठेवले आहे, ती ही स्त्री. १९५० साली व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मध्ये त्यांची सासू हुंड्यासाठी सुनेचे जिणे असह्य करते. पुढच्या शेकडो सासवांचा साचा येथे तयार झाला. मानेला किंचित हिसका, आवळलेले ओठ आणि तिरप्या नजरेतून निघणारा शब्द. परंतु मूळ कृती पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. आरडाओरड पुढच्या नकलांमध्ये वाढली. मूळच्या सासूमध्ये थंडपणा अधिक आहे. ही बाई रागाने बेभान झालेली नाही. ती हिशेब करते आहे. हुंड्याची प्रथा रागावर चालत नाही, ती हिशेबावर चालते, हे सामाजिक सत्य त्या थंडपणातून प्रकट होते. आपल्याही समाजात लग्न ठरताना देण्याघेण्याची बोलणी कधी उघड, कधी आडून होतच आली आहेत. ती बोलणी करणारी माणसे 'दहेज'मधल्या सासूइतकीच शांत स्वरात बोलतात.

त्याच सुमारास त्यांनी दुसरी एक वाट चोखाळली, तिच्याकडे मात्र लोकांचे लक्ष कमी गेले. १९५२ सालच्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमार यांची आई झाल्या. दिलीपकुमार यांचा जन्म १९२२ चा, म्हणजे आई मुलापेक्षा अवघ्या सहा वर्षांनी मोठी! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्त्रीला म्हातारी करणाऱ्या या व्यवसायाविषयी पुष्कळ बोलता येईल. मात्र पडद्यावर ही विसंगती जाणवत नाही. 'श्री ४२०' (१९५५) मध्ये त्या मुंबईच्या पदपथावर केळी विकणारी गंगामाई आहेत. भूमिका लहान आहे, पण पाय दुमडून टोपलीमागे बसण्याची लकब, दोन पैशांसाठी घासाघीस करताना चढणारा आवाज आणि समोरचा पोरगा उपाशी आहे हे लक्षात येताच त्याच आवाजाला येणारा ओलावा, हे सारे बाजारात उभे राहून टिपल्यासारखे आहे. कोळणी, भाजीवाल्या, फुलवाल्या यांच्याशी रोज व्यवहार करणाऱ्या आपल्या वाचकांना ही गंगामाई ओळखीची वाटेल.

आता १९५९ सालाकडे येऊ. या एका वर्षातले दोन चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे ललिताबाईंच्या अभिनयाचे मर्म हाती लागते. पहिला बिमल रॉय यांचा 'सुजाता'. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या अनाथ मुलीला उच्चवर्णीय कुटुंबाने वाढवल्याची ही कथा. त्यात ललिताबाई कर्मठ वृद्धा आहेत, जिच्या दृष्टीने त्या मुलीची सावलीसुद्धा विटाळ आहे. दुसरा हृषीकेश मुखर्जी यांचा 'अनाडी'. त्यात त्या एका परक्या, बेकार तरुणाला आपल्या घरात ठेवून घेणारी ख्रिस्ती विधवा आहेत. दोन्ही चित्रपटांची नायिका नूतन. चेहरा एक, डोळा एक, बोलण्यातला तोरा एक. तरीही एका चित्रपटात दार बंद होते आणि दुसऱ्यात उघडते.

हे कसे घडते? मला वाटते, ललिताबाईंनी आयुष्यभर एकाच गुणाचा अभ्यास केला. तो गुण म्हणजे कठोरपणा. त्यांच्या प्रत्येक भूमिकेत कठोरपणाचे कवच आहेच. प्रश्न इतकाच, की त्या कवचाआड काय राखून ठेवले आहे? 'दहेज'च्या सासूने लोभ राखला आहे, 'सुजाता'च्या वृद्धेने जातीचा अहंकार, 'जंगली'च्या (१९६१) मातेने घराण्याच्या प्रतिष्ठेचे पोकळ ओझे. त्या घरात हसणेसुद्धा निषिद्ध आहे. मिसेस डिसाने मात्र त्याच कवचाआड माया राखली आहे. ती भाड्यासाठी ओरडते, घालवून देण्याची धमकी देते, आणि त्याच दमात जेवायला बसवते. तिची माया चव्हाट्यावर मांडलेली नाही. जगाने फसवू नये म्हणून तिने ती शिव्यांच्या कडीकुलपात ठेवली आहे. अशा स्त्रिया आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत. तारुण्यात वैधव्य आलेल्या, शिवणकामावर किंवा एखादी खोली भाड्याने देऊन मुले वाढवलेल्या, ज्यांना सारा गाव वचकून असे आणि ज्यांच्या अंत्ययात्रेला सारा गाव लोटे.

कथेत मिसेस डिसाचा मृत्यू सदोष औषधाने होतो. ते औषध बनवणारा कारखानदार प्रतिष्ठित आहे. संशय येतो तो ज्या गरीब तरुणाला ती मुलगा मानत होती त्याच्यावर, आणि अखेरीस कारखानदाराला न्यायालयात सत्य कबूल करावे लागते. ललिताबाई पडद्यावरून गेल्यानंतरही चित्रपटाचा नैतिक तोल त्यांच्या भूमिकेवरच उभा राहतो. त्या म्हातारीचा जीव मोलाचा होता, अशी खात्री प्रेक्षकांना पटली नसती तर शेवटचा कबुलीजबाब निव्वळ नाटकी झाला असता. ती खात्री ललिताबाईंनी आधीच पटवून ठेवली आहे. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे 'फिल्मफेअर' पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा सन्मान केला.

मुखर्जींनी पुढे 'मेम दीदी' (१९६१) मध्ये त्यांना शीर्षक-भूमिकाच दिली. डेव्हिड आणि जयंत यांनी रंगवलेल्या दोन दांडगट गड्यांना ही ख्रिस्ती बाई आपल्या धाकाने आणि जिव्हाळ्याने माणसांत आणते. पंचेचाळिशीतल्या, चेहऱ्यावर व्यंग असलेल्या स्त्रीभोवती आख्खा चित्रपट उभा करावा, ही हिंदी पडद्यावरची दुर्मीळ घटना होय. दहा वर्षांनी 'आनंद' (१९७१) मध्ये याच दिग्दर्शकाने त्यांना पुन्हा डिसा हेच आडनाव दिले. यावेळी त्या रुग्णालयाच्या मेट्रन आहेत. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या एका अवखळ रुग्णाला शिस्त लावता लावता त्याच्या लळ्यात सापडलेली ही परिचारिका आपल्या समाजाला परकी नाही. आपल्या कितीतरी घरांतल्या मुली शुश्रूषेच्या व्यवसायात गेल्या, आणि त्यांतल्या ज्येष्ठांचा दरारा आपण जवळून अनुभवला आहे.

हिंदी चित्रपटात ख्रिस्ती माणूस म्हटला की काय दिसे, हे आठवले म्हणजे या तीन भूमिकांचे मोल कळते. क्लबात नाचणारी लिली, तस्कराचा हस्तक रॉबर्ट, गुत्त्यात झिंगलेला मायकल. या रांगेत मिसेस डिसा एकटीच ताठ उभी होती. पण कृतज्ञतेच्या भरात दोन उणिवा झाकून ठेवणे समीक्षेला शोभणार नाही.

पहिली उणीव अशी, की ही बाई पूर्णतः एकाकी आहे. तिला ना भाऊबंद, ना शेजारच्या कुमारी-मारिया, ना धर्मग्राम. रविवारी मिस्साला निघालेली चार माणसे तिच्या दारावर थाप मारीत नाहीत. ख्रिस्ती व्यक्ती हिंदी पडद्यावर बराच काळ समाजाविना जगली. 'बॉबी'मध्ये (१९७३) दुर्गा खोटे यांच्या मिसेस ब्रॅगॅंझाच्या रूपाने घर दिसले, आणि 'बातों बातों में'मध्ये (१९७९) वांद्र्याची आळी दिसू लागली. मिसेस डिसाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

दुसरी उणीव आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. पडद्यावरची ख्रिस्ती बाई नेहमी झग्यातच असते आणि मोडके हिंदी बोलते. वसईच्या पट्ट्यात लाल लुगडे नेसून बाजाराला जाणाऱ्या, घरात अस्सल मराठी बोली बोलणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या त्या पडद्यावर आल्याच नाहीत. येवले हे लुगड्या-पैठण्यांच्या विणकामाचे गाव. त्या गावच्या मराठी कन्येने ख्रिस्ती स्त्री रंगवण्यासाठी झगा घालावा आणि आपली मराठी बाजूला ठेवावी, हा मोठाच दैवदुर्विलास आहे. ललिताबाईंना कुणी लुगड्यातली डिसाबाई करायला सांगितली असती तर त्यांनी ती किती सहज केली असती! दोष अर्थातच त्यांचा नव्हे. आपली ओळख मागणारे आपण त्या वेळी कोठे होतो, हा प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा.

त्यांच्या अष्टपैलुत्वाचा आणखी एक पुरावा 'प्रोफेसर' (१९६२) मध्ये आहे. भाच्यांवर करडी नजर ठेवणारी अविवाहित सीतादेवी म्हाताऱ्याच्या वेषातल्या शिक्षकाच्या प्रेमात पडते. लेखकाने हा प्रसंग हशासाठी लिहिला आहे, आणि प्रेक्षक हसतातही. परंतु ललिताबाई त्या स्त्रीची टर उडवीत नाहीत. जन्मभर इतरांचे घर सांभाळता सांभाळता स्वतःचे सारे राहून गेले, याची उशिरा आलेली जाग त्यांच्या लाजण्यात आहे. हसता हसता प्रेक्षकाला क्षणभर अपराधी वाटावे, इतकी ती जाग खरी आहे.

सगळेच काम या तोलाचे होते असे मात्र नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या अनेक चित्रपटांत त्यांनी स्वतःच्याच लकबी पुन्हा पुन्हा वापरल्या. मान, ओठ, नजर या तिन्ही गोष्टी ठरावीक ठिकाणी ठरावीक रीतीने येऊ लागल्या. मागणी तसा पुरवठा, असा तो हिशेब होता. ज्या व्यवसायाने एका अपघातानंतर त्यांच्यापुढे एकच दार उघडे ठेवले, त्या दारातून पन्नास वर्षे ये-जा करताना पावलांना सवय लागणारच. तरीही ही सवय कित्येकदा भूमिकेच्या आड आली, हे नमूद केले पाहिजे.

उतारवयात रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत (१९८७-८८) त्या मंथरा झाल्या. पुन्हा तोच जुना न्याय. शरीर वाकडे, म्हणून मन वाकडे. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाईंनी या ठोकळ्यातही जीव ओतला. त्यांची मंथरा कैकेयीचे कान फुंकते ती आपल्या हातांनी वाढवलेल्या मुलीवरच्या आंधळ्या ममतेपोटी. कवचाआड माया आहेच, पण ती आपल्या माणसापलीकडे पाहू शकत नाही. मिसेस डिसाची माया परक्याला घरात घेते, मंथरेची माया घरच्याला वनात धाडते. दोघींमधले अंतर एवढेच, आणि ते केवढे मोठे! २०२० साली टाळेबंदीच्या काळात ही मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा नव्या पिढीनेही तिच्यावर दात-ओठ खाल्ले.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात त्या एकट्याच होत्या. पडद्यावर एवढी घरे दणाणून सोडणाऱ्या स्त्रीचा शेवट असा निःशब्द व्हावा, याने मन विषण्ण होते.

आजीच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. आज ते देता येते. होय आजी, ही तीच. जिला तू अवदसा म्हणालीस आणि जिच्यासाठी तू रडलीस, त्या दोघी एकच. तिचा डोळा दोन्ही वेळा तसाच होता. त्या डोळ्यात काय पाहायचे, हे पहिल्या वेळी आपण आधीच ठरवून बसलो होतो, दुसऱ्या वेळी तिने आपल्याला ठरवू दिले नाही. आपल्या धर्मग्रामातही एखादी तोंडाने फटकळ, चेहऱ्याने उग्र, साऱ्यांनी टाळलेली म्हातारी असेल. तिला 'ललिता पवार' असे नाव ठेवण्यापूर्वी एकदा तिच्या दारावर थाप मारून पाहावी. आत कदाचित मिसेस डिसा राहत असेल.